पाणबुड्याचा साज

घोड्याच्या पाठीवर खोगीर चढविणारा जुना मोतद्दार खोगिराची शोभा पाहत बसत नसे. तो तंगाखालीं बोटें घालून पाहत असे. तंग सैल राहिला तर स्वार चढावर घसरतो आणि फार आवळला तर घोड्याचा श्वास कोंडतो, हें त्याला अनुभवानें ठाऊक होतें. समुद्राच्या किंवा जलमय गुहेच्या पोटांत उतरणाऱ्या पाणबुड्याच्या साजाची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. भेद इतकाच कीं, येथें घोडा आणि स्वार एकच असतो, आणि साज चुकला तर प्रश्न खालीं पडण्याचा नसून वर न येण्याचा असतो. इंग्रजींत ज्याला हार्नेस म्हणतात तो हा पट्ट्यांचा साज कसा निवडावा, याचें उत्तर दुकानदाराच्या मालाच्या यादींत सांपडत नाहीं. तें सांपडतें इतिहासांत. आणि तो इतिहास पुष्कळसा प्राणांच्या मोलानें लिहिला गेला आहे.

मन्नारच्या आखातांत मोतीं काढणाऱ्या पाणबुड्यांचा साज अगदीं थोडा असे. तळ लवकर गांठावा म्हणून दोराला बांधलेला एक धोंडा, शिंपले भरण्यास जाळीची पिशवी, आणि वर होडींत दोराचें टोंक धरून बसलेला विश्वासू सोबती. तळाशीं पोंचतांच धोंडा सोडावयाचा, आणि दम संपत आला कीं दोराला हिसका द्यावयाचा. या साजांत एक मोठें शहाणपण होतें. जें खालीं नेई तें एका क्षणांत सोडतां येत असे, आणि जें वर आणी तें कधींच सुटत नसे. उणीव एवढीच कीं, पाण्याखालचा सारा व्यवहार एका श्वासांत उरकावा लागे.

एकोणिसाव्या शतकांत युरोपांतील कारागिरांनीं ती उणीव भरून काढली. पण त्यासाठीं त्यांनीं पाणबुड्याला जखडून टाकलें. इंग्लंडांत चार्ल्स डीन यांनीं १८२३ सालीं धुरांत शिरण्यासाठीं एका शिरस्त्राणाचें पेटंट घेतलें, आणि पुढें तेंच शिरस्त्राण पाण्यांत उतरलें. तें खालून उघडें असल्यामुळें पाणबुड्या वांकला किंवा अडखळला तर आंत पाणी शिरण्याची भीति असे. लंडनमधील जर्मन कारागीर ऑगस्टस सीबे यांनीं शिरस्त्राण आणि पोशाख एकमेकांस जोडून सारें बंद करून टाकलें. १७८२ सालीं पोर्ट्स्मथजवळ बुडालेल्या 'रॉयल जॉर्ज' या युद्धनौकेवर कर्नल पॅस्ली यांच्या माणसांनीं १८३९ ते १८४३ या काळांत जें काम केलें, त्यांत या बंद पोशाखाची परीक्षा झाली. तांब्याचें शिरस्त्राण, छातीवर आणि पाठीवर शिशाचीं वजनें, पायांत शिशाच्या तळाचे बूट असा हा साज दीडशे पौंडांहून अधिक भरे. तळावर उभें राहून काम करणाऱ्यास तो उत्तम होता. परंतु हवा वरून नळीनें येत असल्यामुळें नळी पोंचेल तेथपर्यंतच माणसाचें जग असे.

ही नळी म्हणजे आधार कीं बेडी, हा प्रश्न १८८० सालीं सेव्हर्न नदीखालच्या बोगद्यांत निकरावर आला. बोगदा पाण्यानें भरला होता. आंत सुमारें हजार फुटांवर असलेलें एक लोखंडी दार बंद केल्याशिवाय पाणी उपसून होत नव्हतें. अलेक्झांडर लॅम्बर्ट हे पाणबुडे प्रथम नेहमींच्या पोशाखांत गेले. पण लांबच लांब नळी ओढतां ओढतां त्यांची शक्ति संपली आणि त्यांना परतावें लागलें. नंतर हेन्री फ्लूस यांनीं १८७८ सालीं तयार केलेलें, प्राणवायु बरोबर नेण्याचें उपकरण अंगावर चढवून ते पुन्हां गेले, आणि अखेर तें दार बंद झालें. फ्रान्समध्यें रुकेरोल आणि देनेरूझ या दोघांनीं १८६५ च्या सुमारास सैनिकाच्या पडशीप्रमाणें पाठीवर घ्यावयाचें हवेचें पात्र तयार केलें होतेंच. श्वास पाठीवर घेऊन चालावयाचें ठरलें, आणि तेव्हांपासून पट्ट्यांना खरें महत्त्व आलें.

१९४३ सालीं झाक-इव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां यांनीं श्वासागणिक हवा पुरविणारें यंत्र सिद्ध केलें आणि नळीची बेडी कायमची तुटली. पाणबुडा आतां चालत नव्हता, माशासारखा पोहत होता. पण त्याच्या पाठीवर हवेचीं नळकांडीं बांधणारे पट्टे लष्करी पडशीच्याच जातीचे होते. पडशी उभ्या माणसासाठीं असते, तर पोहणारा माणूस आडवा असतो. आडव्या माणसाच्या पाठीवरचें ओझें मानेकडे सरकतें. घोड्याचें खोगीर पुढें सरकूं नये म्हणून जशी शेपटीखालून दुमची घालतात, तसा पाणबुड्याच्या दोन पायांमधून लंगोटासारखा पट्टा न्यावा लागला. हा पट्टा पुष्कळांना गैरसोयीचा वाटतो. परंतु साज जागेवर ठेवण्याचें काम तोच करतो.

दुसरी अडचण वजनाची. खोल जावें तसा रबरी पोशाख दाबानें आकसतो आणि माणूस जड होतो. फ्रान्समध्यें मोरीस फेन्झी यांनीं १९६१ सालीं गळ्यांत घालावयाच्या हवेच्या पिशवीचें पेटंट घेतलें. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस त्या पिशवीचें जाकीट झालें. मग त्या जाकिटाला खिसे आले, गाद्या आल्या, झटकन उघडणाऱ्या प्लॅस्टिकच्या चापा आल्या. किनाऱ्यालगत तासभर पोहणाऱ्यास हें सारें सुखावह होतें, आणि आजही आहे. पण खोल आणि बंदिस्त पाण्यांत जाणाऱ्यांना त्यांतील पुष्कळसा भाग निव्वळ खोगीरभरती वाटूं लागला.

याचें कारण त्या पाण्याच्या स्वभावांत आहे. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९०८ सालीं दाखवून दिलें कीं, दाबाखालीं शरीरांत विरघळलेला नत्रवायु टप्प्याटप्प्यानें बाहेर पडूं द्यावा लागतो. एकदम वर येणें म्हणजे पंगुत्व किंवा मृत्यु ओढवून घेणें. गुहेंत तर डोक्यावर दगडाचें छतच असतें. अशा ठिकाणीं कांहीं बिघडलें तर वर पळतां येत नाहीं. जेथें आहे तेथेंच उपाय करावा लागतो. फ्लॉरिडांतील निर्मळ झऱ्यांच्या गुहांनीं अनेकांचे बळी घेतले. शेक एक्सली यांनीं १९७९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकांत अशा अपघातांची छाननी करून नियम सांगितले: बाहेरपर्यंत अखंड दोरी असावी, हवेचा एक तृतीयांश भाग जाण्यास, एक येण्यास आणि एक संकटासाठीं राखावा. साजाचा विचारही याच रीतीनें होऊं लागला. कोणता पट्टा सुखाचा, हा प्रश्न मागें पडला. सर्वांत वाईट क्षणीं कोणता पट्टा दगा देईल, हा पुढें आला.

त्या विचारांतून जो साज निघाला तो फ्लॉरिडांतील विल्यम हॉगार्थ मेन यांच्या नांवानें ओळखला जातो. पाठीला पोलादाचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा एक पत्रा. त्यांत ११ इंच अंतरावर दोन भोकें, म्हणजे जोड नळकांडीं बोल्टानें घट्ट बसतात. पत्र्यांतून ओंवलेली दोन इंच रुंद नायलॉनची एकच अखंड नवार खांद्यांवरून कमरेशीं येते आणि एकाच बकलानें बंद होते. खांद्यावर चाप नाहीं. कारण जी वस्तु नाहीं ती मोडत नाहीं. छातीवर दोन कड्या, डाव्या कमरेशीं एक, आणि पायांमधल्या पट्ट्यावर एक-दोन. अंगावर टांगावयाच्या वस्तूंचे आंकडे धातूला धातू न जोडतां दोरीनें बांधावयाचे. आंकडा अडकून बसला तर दोरी सुरीनें कापतां येते. मन्नारच्या पाणबुड्याचें शहाणपण येथें दोन शतकांनीं परत आलेलें दिसतें.

तथापि हा साज सर्वांस सारखाच मानवतो असें नाहीं. थंड पाण्यांत जाड कोरडा पोशाख घालणाऱ्यास, किंवा ज्याचा खांदा आखडलेला आहे त्यास, अखंड नवारींतून बाहेर पडणें कठीण जातें. त्याच्यासाठीं खांद्यावरचा मजबूत चाप हा दोष न ठरतां सोय ठरते. पत्र्याची निवडही पाण्यावर अवलंबून असते. पोलादी पत्रा दोन-अडीच किलो भरतो. जाड पोशाखाच्या तरंगण्याला तो उतारा होतो आणि कमरेचें शिसें कमी करतो. पण पातळ पोशाख आणि जड पोलादी नळकांडीं असतांना तोच पत्रा घेतला, आणि हवेची पिशवी फाटली, तर पोहून वर येणें अशक्य होईल. तेथें अ‍ॅल्युमिनियमच बरें.

तिसरा मार्ग इंग्लंडांतील अरुंद, गढूळ गुहांतून आला. वुकी होल येथें १९३५ सालीं ग्रॅहम बाल्कम आणि जॅक शेपर्ड जड पोशाखांत उतरले होते. पुढें १९४६ सालीं तेथील गुहापाणबुड्यांचा संघ स्थापन झाला. पाठीवरचें नळकांडें ज्या भेगेंत अडकतें तेथें जाण्यासाठीं साठीच्या दशकांत ते तीं कमरेच्या पट्ट्याला बाजूस बांधूं लागले. फ्लॉरिडांतील पाणबुड्यांनीं ऐंशीच्या दशकांत ही रीत उचलून तिचा स्वतंत्र साज बनविला. नळकांडीं बगलेंत असल्यानें तोट्या डोळ्यांपुढें राहतात आणि भेगेंत शिरतांना नळकांडें सोडून पुढें ढकलतां येतें. मोबदल्यांत दोन्ही बाजूंची हवा आळीपाळीनें वापरण्याची दक्षता कायमची पत्करावी लागते. रुंद, खोल पाण्यांत केवळ नवलाईसाठीं हा साज घेण्यांत अर्थ नाहीं.

मग निवड करावी कशी? जुन्या मोतद्दारासारखी. पूर्ण पोशाख चढवून, पट्ट्याखालीं तळहात सरकतो कीं नाहीं हें पाहावें. कारण फार आवळलेल्या साजांत हात मागें वळत नाहीं. मानेमागची प्रत्येक तोटी स्वतःच्या हातानें बंद करून उघडतां आली पाहिजे. प्रत्येक कडी डोळे मिटून सांपडली पाहिजे. सात फुटांची लांब नळी, जी संकटांत सोबत्याच्या तोंडीं द्यावयाची, ती कोणत्याही पट्ट्याखालीं न अडकतां सुटली पाहिजे. या परीक्षेंत जो उतरेल तो साज आपला, मग त्यावर कारखान्याचें नांव कांहींही असो.

शेक एक्सली यांच्याइतका जाणता गुहापाणबुडा विरळा. तरी १९९४ सालीं मेक्सिकोंतील साकातोन या खोल विवरांत हजार फूट गांठण्याच्या प्रयत्नांत तेही परतले नाहींत. साज माणसाला वांचवीत नाहीं. तो फक्त स्वतःला वांचविण्यासाठीं माणसाचे हात मोकळे ठेवतो. चांगल्या साजाकडून याहून अधिक अपेक्षा करूं नये, आणि याहून कमी देणारा साज अंगावर चढवूं नये.