लाळ्या-खुरकुतापासून काचेच्या पट्टीपर्यंत

लाळ्या-खुरकुताची साथ गोठ्यात शिरली की काय होतं, हे गुरं पाळणाऱ्याला सांगावं लागत नाही. जनावर लाळ गाळतं, खुरांच्या बेचक्यात फोड येतात, दूध आटतं, ऐन हंगामात बैल बसून राहतो. आज प्रयोगशाळांमध्ये काचेच्या एका पट्टीवर हजारो प्रथिनं ठिपक्यांच्या रांगांनी मांडतात आणि कोणतं प्रथिन कोणाला धरतं हे एका फटक्यात पाहतात. त्या प्रोटीन ॲरेच्या कुळातला एक मूळपुरुष शोधायचा तर या रोगाच्या विषाणूपाशीच जावं लागतं.

साल १९८४. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नजवळच्या कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीजमधले मारिओ गायसेन आणि नेदरलँड्समधल्या लेलिस्टाडच्या पशुवैद्यक संस्थेतले मेलून व बार्टेलिंग यांच्यापुढे एक सरळ प्रश्न होता. विषाणूच्या कवचात व्हीपी-१ नावाचं प्रथिन असतं, २१३ अमिनो आम्लांची साखळी. जनावराच्या रक्तातली प्रतिपिंडं या साखळीचा नेमका कोणता तुकडा ओळखतात? तो कळला तर लस नेमकेपणाने घडवता येईल. त्यांनी अंदाज बांधत बसण्याऐवजी सगळेच तुकडे करायचं ठरवलं. पहिल्या ते सहाव्या आम्लापर्यंतचा एक, दुसऱ्या ते सातव्यापर्यंतचा दुसरा, असे एकेक पाऊल सरकत शेवटापर्यंत २०८ तुकडे.

त्या काळी एक पेप्टाइड बनवणं हेच मोठं काम होतं. रॉबर्ट मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये घन कणांवर साखळी बांधत नेण्याची रीत दिली होती, तरी दोनशेवर पेप्टाइडं वेगवेगळी करणं म्हणजे फार मोठा खटाटोप. गायसेन यांनी कणांऐवजी पॉलिथिनच्या छोट्या काड्या घेतल्या. गॅमा किरणांच्या मदतीने त्यांच्या टोकांवर ॲक्रिलिक आम्लाचा थर धरवला आणि त्यावर साखळ्या वाढवल्या. काड्या एका ठोकळ्यात ओळीने उभ्या, आणि त्यांच्यातलं अंतर चाचणीच्या प्लेटमधल्या खळग्यांइतकंच. प्रत्येक खळग्यात त्या त्या काडीला हवं ते अमिनो आम्ल ठेवायचं आणि ठोकळा वरून बुडवायचा. धुणं सगळ्यांचं एकत्र. साखळ्या पूर्ण झाल्या की त्याच काड्या प्रतिपिंडांच्या द्रवात बुडवायच्या. उत्तर आलं: १४६ ते १५२ या सात आम्लांचा पट्टा. त्यातही १४८ आणि १५१ या जागांवरची दोन ल्यूसिनं बदलली की पकड सुटत होती.

मला या प्रयोगात सर्वांत मोलाची वाटते ती काडीची जागा. कोणत्याही तुकड्यावर नावाची चिठ्ठी नव्हती. तो कुठे उभा आहे यावरूनच तो कोण हे कळत होतं. पुढच्या बहुतेक ॲरे याच एका कल्पनेवर उभ्या आहेत.

या कुळाची दुसरी शाखा प्रतिपिंडांची. १९८३ मध्येच त्से वेन चांग यांनी काचेवर निरनिराळी प्रतिपिंडं ठिपक्याठिपक्यांनी बसवून त्यांवर पेशी पकडून दाखवल्या होत्या. लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधले रॉजर एकिन्स यांनी दशकाच्या शेवटी त्यामागचा हिशेब मांडला, आणि तो अनेकांना उफराटा वाटला. चाचणी जास्त संवेदनशील हवी तर जास्त प्रतिपिंड घाला, असा रिवाज होता. एकिन्स म्हणत होते की ठिपका अगदी लहान करा. त्यातली प्रतिपिंडं इतकी कमी हवीत की नमुन्यातला शोधायचा पदार्थ त्यांनी पकडला तरी द्रावणातलं त्याचं प्रमाण जवळपास बदलणार नाही. मग ठिपक्यावरच्या किती जागा भरल्या एवढं पाहिलं की ते प्रमाण कळतं, नमुना थेंबभर असो की चमचाभर. म्हणजे एका थेंबात शेकडो गोष्टी एकाच वेळी मोजता येतील.

फेब्रुवारी १९९१ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक निबंध आला. कॅलिफोर्नियातल्या ॲफिमॅक्स संस्थेतले स्टीफन फोडर आणि त्यांचे सहकारी (त्यांत जीवरसायनाच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकामुळे ठाऊक असलेले लुबर्ट स्ट्रायरही होते) यांनी काड्या बाजूला सारून प्रकाश वापरला. काचेवरच्या रेणूंच्या टोकाला प्रकाशाने निघून जाणारं टोपण बसवायचं, वर छिद्रांचा पडदा धरायचा. उजेड पडेल तिथलं टोपण निघतं आणि तिथेच पुढचं अमिनो आम्ल जोडलं जातं. पडदा बदलत गेलं की दर पायरीला प्रकार दुप्पट. अशा दहा पायऱ्यांत १,०२४ पेप्टाइडं तयार झाली.

प्रोटीन ॲरे हे डीएनए चिपचं धाकटं भावंड, असं सर्रास समजलं जातं. पण फोडर यांच्या त्या निबंधात मुख्य काम पेप्टाइडांचं होतं. त्याच तंत्रातून पुढे ॲफिमेट्रिक्स कंपनी आणि तिच्या डीएनए चिप आल्या. डीएनएने ही कल्पना उचलली आणि दहा वर्षं डीएनए चिपच पुढे पळाली. दरम्यान जर्मनीत ब्राउनश्वाइगला रोनाल्ड फ्रांक यांनी १९९२ मध्ये साध्या सेल्युलोजच्या कागदावर थेंब टाकून पेप्टाइडं वाढवायची स्वस्त रीत दिली, आणि ज्यांना पडदे-प्रकाश परवडत नव्हते त्या प्रयोगशाळांनी ती आनंदाने उचलली.

छोट्या पेप्टाइडांचं जमत होतं, मग अख्ख्या प्रथिनांचं घोडं कुठे अडलं? डीएनएचे धागे रसायनाने सगळे सारखे. वाळवा, उकळा, पुन्हा भिजवा, जोडी जुळते. प्रथिनाचं काम मात्र त्याच्या घडीवर चालतं, आणि ती घडी उष्णतेने, कोरडेपणाने, नुसत्या काचेला चिकटण्यानेही मोडते. उकडलेल्या अंड्याचा बलक पुन्हा कच्चा होत नाही, तसंच इथे. शिवाय प्रत्येक प्रथिनाचा स्वभाव निराळा.

हार्वर्डमध्ये गॅव्हिन मॅकबेथ आणि स्टुअर्ट श्रायबर यांनी सप्टेंबर २००० मध्ये यावर तोडगा दाखवला. प्रथिनांच्या द्रावणात ४० टक्के ग्लिसरॉल घातलं, म्हणजे नॅनोलिटरभर थेंबही सुकत नाही. काचेवर अल्डिहाइडचा लेप दिला, तो प्रथिनाला पकडून ठेवतो. उरलेली जागा गाईच्या अल्ब्युमिनने झाकली. मग त्यांनी एकाच पट्टीवर प्रोटीन-जी या प्रथिनाचे १०,७९९ ठिपके छापले आणि त्यांत एफआरबी या दुसऱ्या प्रथिनाचा फक्त एक. त्याचा जोडीदार रॅपामायसिन या रेणूसह पट्टीवर सोडला, तेव्हा तो त्या एकाच ठिपक्यावर जाऊन बसला. हा प्रयोग मला फार आवडतो. पद्धतीवर विश्वास ठेवा असं म्हणण्याऐवजी त्यांनी तिची कठोर परीक्षा सगळ्यांसमोर घेतली.

पुढच्याच वर्षी येल विद्यापीठात हेंग झू आणि मायकेल स्नायडर यांच्या गटाने यीस्टची ५,८०० प्रथिनं, म्हणजे जवळपास सगळी, एकेक करून शुद्ध केली आणि निकेलचा लेप दिलेल्या काचेवर छापली. प्रत्येकाला हिस्टिडिनची शेपटी जोडलेली, ती निकेलला धरते. त्यावर कॅल्मोड्युलिन सोडलं तर आधी माहीत असलेले सहा जोडीदार दिसलेच, आणखी ३३ नवे निघाले.

पण हजारो प्रथिनं शुद्ध करून जपायची कोणी? साठवणीतही ती मरतात. यावरचा उपाय मला या कुळातली सर्वांत देखणी कल्पना वाटतो: प्रथिन छापूच नका, त्याचा डीएनए छापा. केंब्रिजजवळच्या बाब्राहॅम संस्थेत मिंग्यू हे आणि मायकेल टॉसिग यांनी २००१ मध्ये पेशीविना प्रथिन तयार करून ते जागच्या जागी पकडलं. २००४ मध्ये हार्वर्डच्या जोशुआ लाबेअर यांच्या गटाने ‘नापा’ पद्धत दिली. ठिपक्यात जनुकाचा प्लास्मिड आणि जीएसटी या शेपटीला धरणारं प्रतिपिंड दोन्ही ठेवायचे. प्रयोगाच्या दिवशी वर सशाच्या रक्तपेशींचा अर्क ओतायचा. अर्कातले रायबोसोम प्रथिन तिथल्या तिथे विणतात आणि शेजारचं प्रतिपिंड त्याला लगेच पकडतं. डीएनए टिकाऊ, प्रथिन ताजं. २००८ मध्ये टॉसिग यांच्या गटाने डीएनएची पट्टी आणि कोरी पट्टी यांच्यामध्ये अर्काने भिजवलेला पडदा ठेवला, आणि एका डीएनए पट्टीवरून प्रथिनांच्या निदान २० प्रती काढल्या.

ही विद्या पवईतही आहे. आयआयटी मुंबईतले संजीव श्रीवास्तव लाबेअर यांच्याकडे काम करून आलेले. त्यांच्या प्रयोगशाळेने मानवी प्रथिनांच्या ॲरेवर ग्लायोमा या मेंदूच्या गाठीच्या रुग्णांचं रक्तद्रव तपासलं. शरीर आपल्याच कोणत्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं हे शोधणं हा त्यामागचा उद्देश. गायसेन यांच्या काड्यांनी जनावराच्या प्रतिपिंडांना विचारलेला प्रश्न इथे माणसाच्या प्रतिपिंडांना विचारला गेला. पेशीच्या आवरणात रुतून बसलेली प्रथिनं मात्र अजून या पट्ट्यांवर नीट टिकत नाहीत. स्निग्ध आवरणातून बाहेर काढलं की त्यांची घडी जाते, आणि नेमक्या त्याच प्रथिनांवर कितीतरी औषधं काम करतात.