मुंबईच्या कोटाचे दरवाजे व त्यांवरील रहदारी

सोलापुराहून अक्कलकोटास जाणाऱ्या सडकेवर जी औद्योगिक वसाहत आहे, तेथील कारखान्यांच्या फाटकांपाशीं मालमोटारी व कामकरी लोक एकाच वेळीं समोरासमोर येतात. तें पाहून आम्हांस एक जुना प्रश्न आठवला. लष्करी ठाण्याच्या दरवाजांतून नागरी रहदारी वाढूं लागली म्हणजे माघार कोणीं घ्यावी?

सोलापूरच्या भुईकोटापुढें हा प्रश्न फारसा उभा राहिला नाहीं. पेठ कोटाबाहेर वसली होती. सन १८१८ च्या मे महिन्यांत जनरल मन्रोच्या फौजेनें १० तारखेस पेठ घेतली व किल्ला १५ तारखेस हातीं आला, यावरूनच दोन्ही स्थळें निराळीं होतीं हें उघड आहे. मुंबईची गोष्ट उलट. तेथें पेढ्या, वखारी व बाजार तटाच्या आंतच होते.

हा तट गव्हर्नर बून याच्या अमदानींत, म्हणजे सन १७१५ नंतर, पुरा झाला. त्यास जमिनीच्या बाजूनें तीन दरवाजे होते : उत्तरेस बाजारगेट, पश्चिमेस चर्चगेट व दक्षिणेस अपोलो. चर्चगेटास जवळच्या पवनचक्कीवरून लोक पवनचक्कीचा दरवाजा म्हणत. अपोलो हें नांव ग्रीक देवाचें नसून ‘पालव’ या देशी शब्दाचा अपभ्रंश होय, असें मत आहे. आम्हांस तें ग्राह्य वाटतें.

सन १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांनीं वसई घेतली आणि मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. तटाबाहेर खंदक खणण्याचें ठरलें व त्यासाठीं शहरच्या व्यापाऱ्यांनीं तीस हजार रुपये वर्गणी दिली. ज्या खंदकामुळें पुढें त्यांच्या वंशजांच्या गाड्या अरुंद पुलावर खोळंबल्या, तो खंदक अशा रीतीनें त्यांच्याच पैशांनीं झाला. मराठ्यांच्या इतिहासाशीं या दरवाजांचा संबंध येतो तो येथें.

ता. १७ फेब्रुवारी १८०३ रोजीं कोटांत मोठी आग लागली. त्यानंतर तटासमोरील मैदान अधिक दूरपर्यंत मोकळें करण्यांत आलें आणि उत्तरेकडे बाहेरचें शहर झपाट्यानें वाढलें. घर बाहेर व कचेरी आंत असा क्रम पडला. सकाळीं सर्वांनीं आंत जावें, सायंकाळीं सर्वांनीं बाहेर पडावें, आणि वाट मात्र त्याच दरवाजांची! सन १८३८ मध्यें कुलाब्याचा बांध झाल्यावर अपोलो दरवाजावर नवा भार आला. सन १८५३ च्या एप्रिलांत बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी सुरू झाली, तिचें स्थानक बाजारगेटापासून हाकेच्या अंतरावर होतें.

दरवाजे पाडण्याचें श्रेय सामान्यतः सर बार्टल फ्रिअर यास देतात. तो सन १८६२ मध्यें गव्हर्नर झाला आणि त्याच्या कारकीर्दींत तट पडला, हें खरेंच. परंतु आमच्या मतें तटाचें प्रयोजन सन १८१८ मध्येंच संपलें होतें. ज्यांच्या भीतीनें खंदक खणला, त्यांचें राज्य बुडालें. तरी दरवाजे पुढें चव्वेचाळीस वर्षें रात्रीं बंद होत राहिले. ही शत्रूची भीति नव्हे, दफ्तराची संवय होय. रहदारीनें ती मोडली, आणि कापसाच्या तेजीच्या त्या दिवसांत मोकळ्या होणाऱ्या जमिनीस येणाऱ्या भावानेंही मोडली, हेंही सांगितलें पाहिजे.

चर्चगेटाच्या जागीं सन १८६४ मध्यें फ्लोरा कारंजें उभें राहिलें. गोविंद नारायण माडगांवकरांचें ‘मुंबईचें वर्णन’ सन १८६३ मध्यें, म्हणजे ऐन मोडतोडीच्या काळांत छापलें गेलें, ही संशोधकांस मोठीच सोय होय. जुन्या किल्ल्याच्या जागेवर आज नौदलाचें ठाणें आहे, त्याचें नांव ‘आंग्रे’. कान्होजींच्या धास्तीनें बूननें तट बळकट केला होता, हें येथें स्मरावें.

सरकारी दफ्तरांत या दरवाजांविषयीं इंजिनियरांची व लष्कराची बाजू आहे. गाडीवानाची बाजू पेढ्यांच्या रोजकीर्दींत, गाडीभाडें व हमाली यांच्या नोंदींत असते. अशा वह्या जुन्या घरांतून रद्दीच्या भावानें विकल्या जात आहेत. संग्राहकांनीं त्या तोलून देण्यापूर्वीं सन १८०३ ते १८६५ या सालांचीं पानें तरी चाळून पाहावींत.