छोट्या गाडीचा आवाज सुधारायचाय? आधी पुढची दोन दारं बघा

ऑल्टो, वॅगनआर, क्विड, सँट्रो. आपल्या बहुतेक घरांतली पहिली चारचाकी याच रांगेतली असते. इंजिन, मायलेज, एसी याबद्दल घ्यायच्या आधी चार जणांना विचारलं जातं. आवाजाबद्दल कोणी विचारत नाही. मग गाडी हायवेला लागते, काचा वर जातात, आणि कळतं की स्टिरिओ सुरू आहे पण ऐकू काही येत नाही.

आमच्याकडे सेकंडहँड वॅगनआर आहे. मुंबईहून कोकणात गावी जाताना मागच्या सीटवर अम्मी असायच्या. तिलावत लावली, बयान लावलं की आम्ही आवाज वाढवत जायचो आणि त्या मागून म्हणायच्या, "आवाज मोठा केलास रे, पण शब्द कुठे आहेत?" सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. कंपनीच्या साध्या स्पीकरमध्ये आवाज कमी नसतो, शब्द कमी असतात.

त्याचं कारण साधं आहे. माणसाच्या आवाजाचा जोर खालच्या पट्टीत असतो, पण शब्द ओळखू येतात ते स, श, फ, त अशा व्यंजनांमुळे, आणि ती बरीच वर, म्हणजे २,००० हर्ट्झच्या पुढे असतात. सीन आणि से यांतला फरक तर त्याहूनही वर. बजेट गाडीच्या दारात बहुधा एकच पातळ कागदी पडदा, मागे लहानसं चुंबक आणि प्लॅस्टिकची चौकट एवढंच असतं. वरच्या आवाजासाठी वेगळा ट्विटर नसतो. त्यात स्पीकर दारात खाली, आपल्या पोटरीच्या बाजूला. वरचा आवाज सरळ रेषेत जातो, तो गुडघ्यालाच अडतो. जुन्या टेलिफोनवर ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढीच पट्टी जायची आणि "स" की "फ" हे दोनदा विचारावं लागायचं. गाडीत तसंच होतं, वर टायरचा आणि वाऱ्याचा गोंगाट.

आमची पहिली चूक

आम्ही आधी जे केलं ते करू नका, म्हणून सांगतो. दुकानात गेलो, त्याने डब्यावर "६०० वॅट" लिहिलेली अंडाकृती सहा बाय नऊची जोडी दाखवली, मागच्या पार्सल ट्रेला भोकं पाडून बसवून दिली. घरी येईपर्यंत खूश होतो. नंतर लक्षात आलं की आवाज आता मागून येतोय, ढबढब वाढलीय, ट्रे खडखडतोय, आणि अम्मींच्या कानामागेच भोंगा आहे. शब्द मात्र होते तिथेच. शिवाय ईदला सामान भरायचं म्हणून ट्रे काढला की स्पीकरही गेले. हॅचबॅकचा तो ट्रे नुसता टेकवलेला असतो. जोराचा ब्रेक लागला तर दोन जड चुंबकांसकट तो पुढे येऊ शकतो, हा विचार तर तेव्हा मनातही आला नव्हता.

पैसे थोडे असतील तर ते पुढच्या दोन दारांत घालावेत. गाडीत बहुतेक वेळ पुढेच माणसं असतात, आणि पुढून येणारा आवाज मागच्यांनाही नैसर्गिक वाटतो. मागच्या दारात कंपनीचे स्पीकर असतील तर असू द्या, फेडरने थोडे दाबून ठेवा.

वॅटचा आकडा

डब्यावरचे ३००, ६०० वॅट हे क्षणभराचे, जास्तीत जास्त सोसण्याचे आकडे असतात. स्पीकर वॅट देत नाही, घेतो. देणारा स्टिरिओ. त्याच्यावर "५० वॅट गुणिले ४" छापलेलं असतं, तेही कमाल आकडेच. हिशोब करून बघा: गाडी चालू असताना बॅटरीची लाईन साधारण १४ व्होल्टची असते. स्टिरिओची चिप थेट त्यावर चालते. ४ ओहमच्या स्पीकरला तेवढ्यातून, आवाज न फाटता, २५ वॅटच्या आसपासच मिळू शकतात. प्रत्यक्षात १५ ते २० धरावेत. मग ६०० वॅट सोसणारा भोंगा घेऊन आपण त्याला जेवायला घालणार काय?

म्हणून वेगळा अॅम्प्लिफायर लावायचा नसेल तर डब्यावर संवेदनशीलता बघा. इंग्रजीत सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते, डीबीमध्ये. म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर किती आवाज होतो. ३ डीबीचा फरक म्हणजे निम्मी किंवा दुप्पट ताकद. ८८ डीबीच्या स्पीकरला जेवढ्या आवाजासाठी २० वॅट लागतील, तेवढाच आवाज ९१ डीबीचा स्पीकर १० वॅटमध्ये काढतो. कंपनीच्या स्टिरिओवर चालवायचं तर ९० किंवा त्याहून जास्त असलेला बरा. इथेही एक मेख आहे. काही कंपन्या १ वॅटऐवजी २.८३ व्होल्टवर मोजलेला आकडा छापतात. ४ ओहमवर तेवढे व्होल्ट म्हणजे २ वॅट होतात, आणि आकडा आपोआप ३ ने फुगतो. दोन डबे शेजारी ठेवून तुलना करताना ही बारीक अक्षरं वाचावीत.

आरएमएसचा आकडा ३० ते ६० च्या मध्ये असला तरी छोट्या गाडीला भरपूर झाला. ओहम ४ असावेत. २ ओहमचे स्पीकर चांगले म्हणून कोणी हातात दिले तर स्टिरिओच्या पुस्तिकेत तेवढ्याला परवानगी आहे का बघा. नसेल तर चिप तापून बंद पडते, कधी जळतेही.

कोअॅक्शियल की कंपोनंट

कोअॅक्शियल म्हणजे मोठ्या पडद्याच्या मधोमध छोटा ट्विटर बसवलेला. जुना काढा, नवा लावा, काम संपलं. सोनी, पायोनियर, जेबीएल, इन्फिनिटी यांच्या साध्या जोड्या यात येतात. (जेबीएल आणि इन्फिनिटी दोन्ही हार्मनचेच ब्रँड, त्यामुळे त्या दोघांत कोण भारी यावर दुकानात तास घालवू नये.) कंपोनंटमध्ये ट्विटर वेगळा येतो आणि तो आरशाजवळच्या तिकोनात किंवा खांबावर, कानाच्या जवळपास बसवता येतो. शब्द खरे उघडतात ते इथे. खर्च जास्त, वायरिंग जास्त, आणि क्रॉसओव्हरची छोटी डबी दारात कुठेतरी सुरक्षित ठेवावी लागते.

आमचं मत: दोन-चार हजारांचं बजेट असेल तर नीट बसवलेली कोअॅक्शियल जोडी घ्या. त्याच्या दुप्पट खर्च करणार असाल तर कंपोनंट. गाडीत कंपनीचे वेगळे ट्विटर आधीच असतील तर दारातला स्पीकर बदलताना त्यांचं काय करायचं हे बसवणाऱ्याला आधीच विचारा. जुने ट्विटर आणि नवे ट्विटर एकाच वायरवर राहिले तर आवाज कर्कश होतो.

माप घेतल्याशिवाय मात्र काही विकत घेऊ नये. "साडेसहा इंची" हे नाव आहे, माप नव्हे. भोकाचा व्यास, स्क्रूची जागा आणि खोली वेगवेगळी निघते. सगळ्यात जास्त घोळ खोलीत होतो. स्पीकरचं चुंबक मागे जितकं लांब, तितकी काच खाली येताना अडण्याची भीती. काच पूर्ण खाली करून मगच खोली मोजायची.

दार हाच डबा

घरातल्या स्पीकरला लाकडी डबा असतो, गाडीत तो डबा म्हणजे दार. पडदा पुढे ढकलतो तेव्हा मागे उलटी लाट तयार होते. ती भोकांतून पुढे आली की पुढच्या लाटेला खाऊन टाकते आणि खालचा आवाज गायब होतो. पाच हजारांचा स्पीकर उघड्या दारात दोन हजारांच्या स्पीकरसारखा वाजतो, याचं कारण हेच.

म्हणून स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये घट्ट बसणारी रिंग हवी, कडेने फोमची पट्टी हवी. बऱ्याच ठिकाणी एमडीएफची रिंग लावतात. कोकणात, मुंबईत ती लावू नका. दाराच्या आत पावसाचं पाणी जातंच, काचेच्या रबरातून ते खाली उतरतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. एमडीएफ दोन पावसाळ्यांत फुगतो आणि स्क्रू सैल होतात. प्लॅस्टिकची रिंग घ्या.

दाराचा पॅड काढल्यावर आत एक पातळ प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला दिसेल. घाईतला कारागीर तो टराटरा फाडतो. आमच्या गाडीत असंच झालं होतं. जूनमध्ये पायाखालचा गालिचा ओला राहू लागला, आम्ही एसीच्या पाइपला दोष देत राहिलो, आणि वास जाईपर्यंत गालिचा दोनदा काढून वाळवावा लागला. तो कागद पाणी आत येऊ नये म्हणूनच असतो. काढला तर परत नीट चिकटवायचा, किंवा त्या जागी डॅम्पिंग शीटने भोकं बंद करायची.

डॅम्पिंग शीट म्हणजे एका बाजूला अॅल्युमिनियमचा पत्रा आणि दुसऱ्या बाजूला चिकट ब्युटाइल रबर. बाहेरच्या पत्र्याला आतून, स्पीकरच्या मागे आणि मधल्या मोकळ्या भागात लावली की पत्र्याची थरथर बसते. सगळं दार मढवायची गरज नाही, पाव ते निम्मा भाग पुरे. दार बंद करताना "टण्ण" ऐवजी "धप्प" असा आवाज आला की समजा काम झालं. स्वस्तातली डांबरी शीट घेऊ नका, मे महिन्यात ती वितळून सुटते आणि वास येतो. लावण्याआधी पत्रा स्पिरिटने पुसून घ्यायचा. तळाची पाणी जाण्याची भोकं काही झालं तरी बुजवायची नाहीत, नाहीतर दार आतून गंजेल.

दारात पिवळी वायर किंवा पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा समजून हात लावू नये. बाजूच्या एअरबॅग असलेल्या काही गाड्यांत धडकेचा सेन्सर दारातच असतो.

वायर कापू देऊ नका

कारागीर पक्कड काढून कंपनीचा कपलर कापायला लागला तर त्याला थांबवा. बहुतेक गाड्यांसाठी तयार कपलर मिळतात. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला विचारलं तर सहसा सापडतात. गाडी वॉरंटीत असेल तर कापलेली वायर हे पुढे वादाचं कारण होतं.

दुसरी गोष्ट प्लस-मायनसची. एका दारात वायर उलटी लागली तर दोन्ही स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध हलतात आणि खालचा आवाज पातळ होतो. गंमत अशी की दोन्ही वाजत असतात, म्हणून कोणाला शंका येत नाही. घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या, सुट्या स्पीकरला क्षणभर लावा. पडदा बाहेर आला तर सेलचा प्लस जिथे लागलाय तो स्पीकरचा प्लस. सगळं बसल्यावरची चाचणी आणखी सोपी: बॅलन्स मधोमध ठेवा आणि वाद्याशिवाय एकच आवाज लावा. आम्ही किरात लावतो. वाद्य नसल्याने लपायला जागा राहत नाही. कारीचा आवाज डॅशबोर्डच्या मध्यभागातून आल्यासारखा वाटला पाहिजे. तो हवेत पसरल्यासारखा, कुठून येतोय ते न कळणारा वाटला, तर एक वायर उलटी आहे.

त्यानंतर सेटिंग. बास बूस्ट आणि लाउडनेस बंद करून सुरुवात करा. स्टिरिओत हाय पास फिल्टर असेल तर ८० हर्ट्झवर ठेवा. अगदी खालचा आवाज लहान स्पीकरला झेपत नाही, तो काढून टाकला की बाकीचा आवाज मोकळा होतो. कव्वालीतला ढोलक किंचित कमी होईल, टाळी मात्र टाळीसारखी ऐकू येईल. मोबाइलवर फिरत फिरत आलेली, दहा वेळा दाबून लहान केलेली फाइल कुठल्याही स्पीकरवर खराबच वाजणार, तेव्हा चांगली फाइल पेन ड्राइव्हवर घ्या.

एवढ्यावर समाधान झालं नाही तर पुढचा टप्पा चार चॅनेलचा छोटा अॅम्प्लिफायर. तो लावताना बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच. फ्यूजशिवाय ओढलेली जाड वायर पत्र्याला घासली तर आग लागते. सबवूफरची घाई करू नका.

काढलेले जुने स्पीकर भंगारात देऊ नका. स्क्रूसकट डब्यात भरून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना घेणारा नव्या स्पीकरचे पैसे क्वचितच देतो. तेव्हा जुने परत बसवायचे आणि नवे काढून पुढच्या गाडीत न्यायचे, भोकाचं माप जुळलं तर. आमची पुढची जोडी आता भाच्याच्या ऑल्टोत जाणार आहे. त्याच्या दाराची खोली मात्र अजून मोजायची आहे.