१९ वेळा १: ही संख्या मूळ आहे हे कसं कळतं?

एकापुढे एक असे १९ एक लिहिले की ११,११,११,११,११,११,११,११,१११ ही संख्या तयार होते. १ आणि ती स्वतः सोडून कोणत्याही संख्येने तिला पूर्ण भाग जात नाही. म्हणजे ती मूळ संख्या आहे. दिसायला सोपी असली, तरी हे सिद्ध व्हायला १९१८ साल उजाडावं लागलं. ते काम ऑस्कर हॉप यांनी केलं.

महाराष्ट्राशी नातं काय?

फक्त १ या अंकाच्या संख्यांना 'रेपयुनिट' म्हणतात. देवळालीत शाळाशिक्षक असलेले गणितज्ञ द. रा. कापरेकर यांच्या 'डेम्लो संख्या' यांच्याशीच जोडलेल्या आहेत. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून त्यांनी या संख्यांना 'डेम्लो' म्हटलं. वर्ग असल्यामुळे या संख्या मूळ नसतात. पण ज्या संख्येचा वर्ग केला, ती मूळ असू शकते.

किती एक लिहावे लागतात?

सहा एक घेतले तर १,११,१११ = १११ × १००१. एक किती वेळा लिहिला तो आकडा संयुक्त असेल, तर अशी फोड नेहमीच होते. म्हणून तो आकडा मूळच हवा. पण तेवढं पुरत नाही: १११ = ३ × ३७ आणि ११,१११ = ४१ × २७१. २, १९, २३, ३१७ आणि १०३१ एक असलेल्या संख्या मात्र मूळ आहेत.

तपासायचं कसं?

१९ एकांच्या संख्येचं वर्गमूळ सुमारे १०५ कोटी आहे. तिथपर्यंत भाजक सापडला नाही, तर संख्या मूळ ठरते. अंकांची बेरीज १९, म्हणून ३ ने भाग जात नाही. पुढे फर्मा यांचं प्रमेय कामी येतं. त्यानुसार तिचा कोणताही मूळ भाजक ३८ च्या पटीपेक्षा १ ने मोठाच असणार. म्हणजे १९१, २२९, ४१९ असे. त्यामुळे १०५ कोटींऐवजी पावणेतीन कोटींच्या आसपास संख्याच तपासायच्या उरतात. आज हे काम संगणक करतो, हॉप यांच्या काळात तो नव्हता.

आणखी एक वैशिष्ट्य

१ ला या संख्येने भागलं, तर दशांश चिन्हानंतर १८ शून्यं आणि एक ९ येतो, आणि हाच १९ अंकांचा गट अखंड फिरत राहतो. बरोबर १९ अंकांचा गट देणारी दुसरी मूळ संख्याच नाही. तीन अंकांच्या गटासाठी हा मान ३७ चा आहे.

कोडं अजून सुटलेलं नाही

४९,०८१ एक असलेली संख्या मूळ असल्याचं २०२२ मध्ये सिद्ध झालं. अशा मूळ संख्या अनंत आहेत का, याचं उत्तर मात्र अजून कोणाकडेही नाही.