वॉटर बफेलो

वॉटर बफेलो : म्हशीचे इंग्रजी नाव. शास्त्रीय नाव बुबॅलस बुबॅलिस. मराठीत नराला रेडा किंवा हल्या, पिल्लाला पारडू आणि न व्यालेल्या तरुण मादीला वगार म्हणतात. लिनिअसने १७५८ साली म्हशीची नोंद गायीबैलांच्या ‘बॉस’ या प्रजातीत केली होती. पुढे ती वेगळ्या प्रजातीत गेली आणि ते योग्यच झाले, कारण गाय आणि म्हैस यांचा संकर होत नाही.

मराठी माणसाला पडणारा पहिला प्रश्न म्हणजे म्हशीच्या नावाआधी ‘पाणी’ कशाला? याचे कारण इंग्रजीच्या इतिहासात आहे. ‘बफेलो’चा मूळ ग्रीक शब्द आफ्रिकेतल्या एका हरणवर्गीय प्राण्यासाठी होता. लॅटिनमधून आणि पोर्तुगीजांच्या तोंडून तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ आशियातली म्हैस असा झालेला होता. नंतर युरोपीय लोक उत्तर अमेरिकेत गेले. तिथल्या माळरानांवर चरणाऱ्या, पाठीवर वशिंडासारखा उंचवटा आणि मानेभोवती दाट लोकर असलेल्या जनावरांनाही त्यांनी ‘बफेलो’च म्हटले. तो प्राणी म्हणजे बायसन. तो म्हशीपेक्षा गायीला जवळचा आहे. २०१६ साली अमेरिकेने त्याला राष्ट्रीय सस्तन प्राण्याचा मान दिला तो ‘बायसन’ या नावाने, पण बोलण्यात आणि १९१३च्या प्रसिद्ध पाच सेंटच्या नाण्याच्या नावात ‘बफेलो’च टिकून राहिले. आफ्रिकेतला केप बफेलो हा तिसरा. त्याच्या शिंगांची बुडे कपाळावर एकत्र येऊन जाड ढालच बनते, आणि तो कधीही माणसाळला नाही. एकाच नावाखाली तीन जनावरे झाल्यावर आशियाई म्हशीला ‘वॉटर’ हे विशेषण चिकटले.

विशेषण मात्र चपखल आहे. म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा कमी, कातडी काळी आणि केस विरळ. त्यामुळे ऊन तिला सोसत नाही आणि अंग थंड ठेवण्यासाठी डुंबावे लागते. चैत्र-वैशाखात भर दुपारी गावतळ्यात म्हशी बसलेल्या पाहाव्यात : पाण्यावर दिसतात फक्त नाकपुड्या, डोळे आणि शिंगे. कान तेवढे मधूनमधून हलतात. बाहेर आल्यावर अंगावर वाळणारा चिखलाचा थर ऊन आणि चावऱ्या माश्या अडवतो. ज्या गोठ्यात डुंबण्याची सोय नाही, तिथे उन्हाळ्यात म्हशींच्या अंगावर पाणी मारावेच लागते, नाहीतर दूध आटते.

पाळीव म्हशीचे दोन प्रकार आहेत. भारतीय उपखंडापासून पश्चिमेला इटलीपर्यंत नदी-प्रकार आढळतो. तो मुख्यतः दुधासाठी पाळतात आणि त्याला स्वच्छ, वाहते पाणी आवडते. आग्नेय आशिया आणि दक्षिण चीनमधला दलदली प्रकार चिखलात लोळणारा, भातशेतीत नांगर ओढणारा. पहिल्यात ५० गुणसूत्रे असतात, दुसऱ्यात ४८. इंग्रजी वाचकासमोर ‘वॉटर बफेलो’ म्हणताच बहुधा हा दुसरा प्रकार उभा राहतो : व्हिएतनाम किंवा फिलिपिन्समधले भाताचे खाचर आणि पाठीवर बसलेला मुलगा. कोकणात चिखलणीला जुंपलेले रेडे पाहणाऱ्याला हे चित्र ओळखीचे वाटेल, पण आपली मुऱ्हा, जाफराबादी, नागपुरी, मराठवाडी ही सारी जनावरे नदी-प्रकारातली. तलवारीसारखी लांब, खांद्यामागे गेलेली शिंगे मिरवणारी पंढरपुरी म्हैसही त्यातलीच.

भारतीय इंग्रजीत ‘वॉटर’ लागत नाही. इथे नुसते ‘बफेलो मिल्क’ म्हटले की पुरते. २०१९च्या पशुगणनेत भारतात सुमारे १० कोटी ९८ लाख म्हशी नोंदल्या गेल्या. ज्या देशात हे जनावर दारोदारी आहे, तिथे विशेषणाची गरजच काय? गोंधळ होतो तो मांसाच्या व्यापारात. परदेशी बातम्यांत भारताच्या ‘बीफ’ निर्यातीचे आकडे येतात, ते म्हशीच्या मांसाचे असतात. त्यासाठी ‘कॅराबीफ’ हा वेगळा शब्द व्यापारात आहे, तो म्हशीच्या फिलिपिन्समधल्या ‘कॅराबाव’ या नावावरून आला. महाराष्ट्रात २०१५ साली लागू झालेल्या गोवंशहत्याबंदीतही म्हशींचा समावेश नव्हता. निर्यातीचा असा आकडा मराठीत देताना तो गोमांसाचा म्हणून छापणे ही गंभीर चूक आहे.

लष्करी बोलीत या शब्दाला वेगळेच अर्थ आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एलव्हीटी-२ या पाण्यात आणि जमिनीवर चालणाऱ्या वाहनाचे नाव ‘वॉटर बफेलो’ होते. आजही अमेरिकी सैनिक चाकांवरच्या पाण्याच्या टाकीला याच नावाने ओळखतात. लष्कराबाहेर हे शब्द वादातही सापडले. १९९३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एका विद्यार्थ्याने रात्री खिडकीखाली गोंगाट करणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनींना उद्देशून हे शब्द वापरले आणि त्याच्यावर वर्णद्वेषाचा आरोप झाला. दांडगटासाठी हिब्रूत ‘बेहेमा’ म्हणजे जनावर असे म्हणतात, तोच अर्थ आपल्या मनात होता, असे त्याचे म्हणणे होते. प्रकरण देशभर गाजले आणि आरोप मागे घेतले गेले.

रानम्हैस ही वेगळी जाती मानली जाते : बुबॅलस आर्नी. पाळीव म्हशीची पूर्वज हीच. काझीरंगा आणि मानसमध्ये तिचे कळप आहेत, छत्तीसगडचा ती राज्यप्राणी आहे, आणि महाराष्ट्रात गडचिरोलीतल्या कोलामार्का परिसरात तिचे थोडे अस्तित्व उरले आहे. जगभरात ती संकटग्रस्त आहे. तिला गवा समजू नये. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात दिसतो तो गवा, आणि त्याला इंग्रजीत ‘इंडियन बायसन’ म्हणण्याची जुनी सवय असली तरी तो बायसनही नव्हे.

अनुवादकांनी एवढे पाळावे : ‘वॉटर बफेलो’ला मराठीत ‘म्हैस’ लिहावे, रानातली असेल तर ‘रानम्हैस’. ‘पाणम्हैस’ आणि ‘जलम्हैस’ हे शब्द अनावश्यक आहेत. अमेरिकी मजकुरात नुसते ‘बफेलो’ आले, तर तिथे ‘बायसन’ लिहावे.