तळटीप : सप्र्यांची टोपली

‘सप्र्यांची टोपली’ : रायपूरचे मराठीभाषक हिंदी पत्रकार माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांच्या ‘एक टोकरी भर मिट्टी’ या कथेचा हा उल्लेख. ती त्यांच्याच ‘छत्तीसगढ मित्र’ मासिकात १९०१ साली आली. पेंड्र्याहून १९०० पासून निघणाऱ्या या मासिकाचे प्रकाशक होते रायपूरचे वामनराव लाखे. ते पुढे सहकारी चळवळीत पुढाकाराने वावरले. कथेतला जमीनदार कोर्टकचेरी करून एका विधवेची झोपडी बळकावतो. नातीसाठी चूल घालायची म्हणून म्हातारी तिथली टोपलीभर माती भरून घेते आणि टोपली डोक्यावर चढवायला जमीनदारालाच हात लावायला सांगते. टोपली जागची हलत नाही. जमीनदार वरमतो, झोपडी परत करतो.

लेखकाने या कथेला ‘समाजवादी’ म्हटले आहे, ते सैल अर्थानेच घ्यावे. मार्क्सच्या (‘दास कापिटाल’, खंड १, १८६७) मांडणीत मालकीचा प्रश्न वर्गसंघर्षातून सुटतो. इथे तो मालकाला उपरती होऊन सुटतो. ही वाट गांधींच्या विश्वस्त-कल्पनेला अधिक जवळची. सप्र्यांचा आर्थिक विचार प्रामुख्याने स्वदेशीचा होता. ‘स्वदेशी आंदोलन और बायकाट’ (१९०६) या पुस्तिकेत ते टिळकांच्या मार्गाने जातात. त्यामागची तात्त्विक बैठक न्या. रानड्यांनी १८९२ सालच्या पुण्यातील व्याख्यानात घालून दिली होती : अ‍ॅडम स्मिथच्या (१७७६) परंपरेतले खुल्या व्यापाराचे नियम सर्व देशांना, सर्व काळी सरसकट लागू पडत नाहीत.