काळी मारबत राखाडी का दिसते?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात इतवारी-महाल भागात मारबतीची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१पासून आणि पिवळी १८८५पासून निघते, असं सांगतात. त्या गर्दीत कॅमेरा घेऊन फिरणारा माणूस सहज हजारभर फोटो घेऊन घरी येतो. संध्याकाळी ते लॅपटॉपवर एकत्र उघडले की गंमत दिसते: काळी मारबत राखाडी झालेली असते आणि पिवळी मळकट.

कॅमेऱ्यातलं मीटर एक गोष्ट गृहीत धरून चालतं. जग सरासरीनं मध्यम करडं आहे, ही ती गोष्ट. चौकटभर काळं दिसलं की त्याला वाटतं अंधार पडलाय, म्हणून ते उजेड वाढवतं. भडक पिवळं दिसलं की उजेड कमी करतं. त्यावर सगळे फोटो निवडून ‘ऑटो’ दाबलं, तर सॉफ्टवेअरही बहुतेक तेच करतं, फक्त चहा होईपर्यंत हजार वेळा.

या करड्या जगाला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात प्लेटवर किती वेळ उजेड पाडायचा हे फोटोग्राफर अंदाजानं ठरवत. इंग्लंडमधल्या विडनेस या रसायन कारखान्यांच्या गावात फर्डिनांड हर्टर हा रसायनशास्त्रज्ञ आणि व्हेरो ड्रिफिल्ड हा इंजिनिअर फावल्या वेळात प्लेटा मोजत बसले. (असे छंद इंजिनिअरांनाच सुचतात.) १८९०मध्ये त्यांनी आपला आलेख छापला. आडव्या अक्षावर त्यांनी उजेडाचा लॉगॅरिदम घेतला. आलेखाच्या मधल्या भागात सरळ रेघ मिळाली: उजेड दुप्पट केला की प्लेटचा काळेपणा दर वेळी तेवढाच वाढतो. आजच्या स्लायडरवर अधिक एक म्हणजे दुप्पट उजेड, हा हिशेब त्याच लॉगॅरिदमचा.

म्हणजे मोजणं जमलं. पण एका दिवसात हजारो निगेटिव्हांचे प्रिंट काढायचे, तर प्रत्येकीकडे बघायला माणूस कुठून आणायचा? कोडॅकच्या राल्फ इव्हान्सनं १९४६मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. ते १९५१मध्ये मिळालं. कल्पना अशी की दृश्यातले सगळे रंग एकत्र कालवले तर साधारण करडं येतं, म्हणून प्रत्येक प्रिंटची सरासरी करड्यावर आणून ठेवा. घरगुती फोटोंच्या बाबतीत हे बऱ्यापैकी चाललं. जिथं चालेना, त्याला लॅबवाल्यांनी नाव दिलं ‘सब्जेक्ट फेल्युअर’. फेल म्हणे सब्जेक्ट झाला, मशीन नाही! या हिशेबानं आपल्या दोन्ही मारबती नापास.

म्हणूनच छत्तीस फोटोंच्या रोलच्या काळात लॅबमधल्या यंत्रावर गडद-फिक्यासाठी अधिक-उण्याची बटणं असत. ऑपरेटर निगेटिव्ह बघायचा आणि दाबायचा. काळं म्हणजे काळंच हवंय, हे त्याला कळायचं.

२००७मध्ये लाइटरूम आलं. त्यातल्या ‘ऑटो’ची सगळे चर्चा करतात, मला ‘मॅच टोटल एक्स्पोजर्स’ जास्त शहाणं वाटतं. ते प्रत्येक फोटोचं शटर, अॅपर्चर आणि आयएसओ वाचतं आणि निवडलेल्या फोटोशी हिशेब जुळवतं. फोटोत काळं किती, पिवळं किती, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. एकाच उन्हात घेतलेले दोन्ही मारबतींचे फोटो निवडा, तिथली माणसं बरोबर दिसतील असा एक फोटो हातानं नीट करा आणि बाकीचे त्याच्याशी जुळवा. काळी काळी होते, पिवळी पिवळी.

अट एकच: ऊन तेच हवं. मिरवणूक रुंद चौकातून महालातल्या अरुंद गल्लीत शिरली की उजेड अचानक पडतो, आणि ही युक्ती सावलीतले सगळे चेहरे अंधारात ठेवते. तिथून नवा गट करावा लागतो. गाण्याच्या मैफलीतही हेच. दिवे बदलले की गट बदलायचा. गायकामागे काळा पडदा असला, तर ‘ऑटो’ तो पडदा उजळवण्याच्या नादात गायकाचं कपाळ पांढरं करून टाकतं. जेपेगमध्ये एकदा पांढरं झालेलं कपाळ परत मिळत नाही; रॉमध्ये थोडंफार मिळतं.

फोटो वेळेच्या क्रमानं लावले की गट पाडणं सोपं जातं. हजार फोटोंचे पंधरावीस गट होतात, आणि प्रत्येक गटातला एक फोटो डोळ्यांनी बघायचा. लॅबमधल्या ऑपरेटरला ही सवलत नव्हती, त्याला छत्तीसच्या छत्तीस बघावे लागत.